चिमटा बदलल्यापासून सामान लादलेली सायकल भरकटते: दोष चिमट्याचा की स्टेमचा?

प्रश्न

पुढे डिस्क ब्रेक बसवता यावा म्हणून मी माझ्या स्टीलच्या टूरिंग सायकलचा जुना चिमटा, म्हणजे पुढचे चाक धरणारा फोर्क, काढून माउंटन बाइकचा चिमटा बसवला. त्याच वेळी पाठ दुखू नये म्हणून ११० मिलिमीटरचा स्टेम, म्हणजे हँडल चिमट्याला जोडणारा तुकडा, काढून ७० चा लावला. जुना चिमटा ३९५ मिलिमीटर लांब आणि ५० ऑफसेटचा (चिमटा वळतो त्या रेषेपासून चाकाचा आस जितका पुढे असतो ते अंतर) होता. नवा ४१५ लांब आणि ४५ ऑफसेटचा आहे. मागच्या कॅरिअरवर सोळा किलो सामान बांधून डोणज्याहून सिंहगड चढताना हँडल सारखे एका बाजूला कलत होते आणि उतारावर एक हात सोडताच थरथरू लागले. दिवाळीनंतर ताम्हिणीमार्गे माणगावला जायचे आहे. नेमके काय बदलावे?

प्रतिसाद १

मुख्य दोष चिमट्याचा वाटतो. हेड ट्यूबची, म्हणजे चिमटा ज्यात फिरतो त्या फ्रेमच्या पुढच्या नळीची, रेषा जमिनीपर्यंत वाढवली, तर चाक जमिनीला टेकते ती जागा त्या रेषेच्या थोडी मागे येते; या अंतराला ट्रेल म्हणतात. आपल्या सायकलचा हेड अँगल, म्हणजे या नळीचा जमिनीशी होणारा कोन, मुळात ७१ अंश आणि टायर ३२ मिलिमीटरचे असतील असे धरल्यास जुना ट्रेल सुमारे ६५ मिलिमीटर होता. चिमटा २० मिलिमीटरने लांबला की सायकलचे तोंड उचलले जाऊन हा कोन साधारण एक अंशाने कमी होतो, त्यात ऑफसेटही घटला, म्हणून ट्रेल ७७ च्या आसपास गेला. वेगात असा ट्रेल सायकल सरळ ठेवतो, पण चढावर संथ चालताना चाक स्वतःच्या वजनाने बाजूला पडू पाहते. ट्यूबला समांतर लांब पट्टी धरून आणि आसाजवळून ओळंबा सोडून हे घरीच मोजता येते. मी भिंतीशी सायकल टेकवून तसेच मोजले होते.

प्रतिसाद २

चढावरच्या कलण्याबद्दल वरील मत मान्य आहे, परंतु थरथरीचा दोष चिमट्यावर टाकण्याची घाई करू नये. स्टेममुळे ट्रेल बदलत नाही. मात्र तो ४० मिलिमीटरने आखूड झाल्यामुळे आपले हात मागे आले, पुढच्या चाकावरचा भार घटला आणि सारे ओझे मागे राहिले. पण सर्वांत आधी हेडसेट, म्हणजे चिमटा ज्यांवर फिरतो ती हेड ट्यूबमधली बेअरिंग, तपासावा: पुढचा ब्रेक दाबून, खालच्या कपाच्या सांध्यावर बोट ठेवून सायकल मागेपुढे हलवावी. बोटाला खटखट जाणवली तर स्टेमचे बाजूचे बोल्ट आधी सैल करून मगच वरचा बोल्ट हलकेच आवळावा. (आमच्या पेठेतले मेकॅनिक हे उलट्या क्रमाने करतात आणि नंतर गोळ्या बदलायला सांगतात.) एक तृतीयांश सामान पुढे, चाकाच्या आसालगत खाली बांधून पाहावे. उतारावर थरथर सुटलीच तर हँडल घट्ट न आवळता गुडघा वरच्या नळीला टेकवावा.

मूळ प्रश्नकर्ता

बोटाला खटखट स्पष्ट जाणवली. हेडसेट आवळून, पाच किलो सामान पुढे बांधून काल कात्रजचा जुना घाट उतरलो. थरथर झाली नाही. चढताना कलणे मात्र थोडे कमी झाले, गेले नाही. स्टेम पाठीसाठी ७० चाच ठेवतो आणि ३९५ लांबीचा, ५० ऑफसेटचा, डिस्क ब्रेक बसेल असा चिमटा शोधतो. माझा कॅलिपर, म्हणजे डिस्कला दाबणारा ब्रेकचा भाग, पोस्ट माउंट या जोडणीचा आहे, त्यामुळे चिमट्यावरचे कानही तसेच आहेत ना, हे या वेळी पैसे देण्यापूर्वी पाहीन.