प्रतिसाद: "छान" म्हणून सोडू नका, पण सोलूही नका

वर दादांनी लिहिलंय की स्पर्धेतल्या नवख्या गाण्यांना मार्क द्या आणि मोकळे व्हा, कारणं सांगत बसलं की पोरं नाराज होतात. मला नाही पटत. नाराज होतात ते "दम नाही" असल्या शेऱ्याने, कारण त्यातून दुरुस्त काय करायचं तेच कळत नाही ना.

आता ते आखाजीच्या (खानदेशातली अक्षय्य तृतीया) झोक्याचं, खानदेशच्या अहिराणी बोलीतलं गाणं घ्या. मुखडा एकदम गोड, दोनदा ऐकून तोंडात बसला. पण चाल केरवा तालात, आठ मात्रांची, आणि सम (तालाची पहिली, जोराची मात्रा) येते नेमकी "आखाजी"तल्या "खा"वर, म्हणून ऐकायला "आ... खाजी" असं तुटतं. शब्दाआधी अर्धी मात्रा थांबून बघा किंवा त्याच्या आधी एक छोटा शब्द टाका, सुटेल. दुसऱ्या अंतऱ्यात ओळ एवढी लांबलीय की गाणारीला श्वासच घेता येत नाही, तिथे दोन शब्द कमी केले तरी अर्थ जात नाही. आणि अंतऱ्यात "मन्हा" म्हणत म्हणत शेवटी एकदम पुस्तकी "माझ्या" का आलं? यमकासाठी असेल तर यमक सोडा, बोली सोडू नका.

रेकॉर्डिंगमध्ये पंख्याचा आवाज येतोय म्हणून मार्क कापू नका हो, मे महिन्यात जळगावात पंखा बंद करून गाऊन दाखवा आधी 😀

मी तर एवढं दुरुस्त करून नवीन व्हर्जन टाका असंच म्हणेन, मुखड्याचा गोडवा तसाच ठेवून.