टॉटनेस : आकड्यांपलीकडचे गाव
इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील टॉटनेस या गावाविषयी एका लिखाणात २०११ च्या जनगणनेतील ८,०७६ ही लोकसंख्या पुढे करून ‘हे तर एक मोठे खेडेच’ असा निष्कर्ष काढला आहे. तो मला अपुरा वाटतो. डार्ट नदीच्या काठावरील हे बाजाराचे गाव आहे, आणि बाजारपेठेचे महत्त्व वस्तीवरून नव्हे, तर आसपासच्या किती खेड्यांची माणसे शुक्रवारी आणि शनिवारी तेथे येतात यावरून ठरते. शिवाय लंडन–प्लिमथ रेल्वेमार्गावरील स्थानक गावातच आहे.

गावाचा स्वभाव पाहायचा असेल, तर २००७ हे वर्ष पाहावे. त्या वर्षी स्थानकाजवळचा मोठा दुग्धप्रक्रिया कारखाना बंद पडला आणि त्याच वर्षी स्थानिक दुकानांतच चालणारे ‘टॉटनेस पौंड’ हे चलन सुरू झाले. पुढे त्यात चक्क २१ पौंडांची नोटही निघाली, हा थोडासा खट्याळपणाच! रोखीचे व्यवहार घटल्यामुळे २०१९ मध्ये ते थांबले. तरीही त्याला फसलेला प्रयोग म्हणणे मला घाईचे वाटते, कारण स्थानिक दुकाने जपण्याची वृत्ती त्यापलीकडेही दिसते: याच गावाच्या विरोधानंतर २०१२ मध्ये कोस्टा या कॉफी साखळीने तेथे दुकान उघडण्याची परवानगी हाती असूनही माघार घेतली होती.

त्या लिखाणात शेजारच्या डार्टिंग्टनचा उल्लेख राहून गेला. १९२५ मध्ये तेथील ‘डार्टिंग्टन हॉल’ ही मालमत्ता पत्नीसह विकत घेणारे लेनर्ड एल्महर्स्ट त्याआधी रवींद्रनाथ ठाकुरांच्या श्रीनिकेतनात ग्रामपुनर्रचनेचे काम करत होते.