आधी जेट, मग टायमिंग
दादा, मुंबईत ट्यून केलेलं इंजिन इकडे काळा धूर सोडतंय म्हणून तुम्ही टायमिंगला (प्लगची ठिणगी कधी पडते त्याला) हात घालताय. थांबा! संभाजीनगर साडेपाचशे मीटर उंचीवर, हवा पाचेक टक्के विरळ, वर मे महिन्याचं ४२ अंशांचं ऊन. मिक्स्चर रिच, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, होणारच.

माझ्या किट कारला (सुटे भाग जोडून बनवलेल्या गाडीला) जिप्सीचं १.३ लिटरचं इंजिन, दोन साइडड्राफ्ट (आडवे) वेबर कार्बोरेटर. वाळूजकडे तिसऱ्या गिअरात फुल थ्रॉटल दिला, क्लच दाबून चावी बंद केली, प्लग काढले, तर चारही काजळीने माखलेले. मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र, १३५ चा १३० केला (नंबर लहान तसं पेट्रोल कमी), तेव्हा कुठे प्लगना चहाचा रंग आला, म्हणजे मिक्स्चर जमलं. दोन्ही कार्बोरेटर सारखी हवा ओढतात का, ते कानाला रबरी नळी लावून ऐकतो. बायको हसते, हसू दे.

टायमिंग नंतर बघा. चढावर खडखड आली तरच दोन डिग्री मागे घ्या.