पित्ताशय काढल्यानंतर सहा वर्षांनी कावीळ

प्रश्न (रामबाग, इंदूर): आईचे पित्ताशय सहा वर्षांपूर्वी दुर्बिणीतून काढले, आता उजव्या बरगडीखाली कळ येते आणि डोळे पिवळे दिसतात. पित्ताशयच नसताना खडा कसा होईल?

उत्तर: ताई, पित्तनलिका राहतेच, तिच्यात खडा मागे राहू शकतो, नव्याने होऊ शकतो, आणि क्वचित शस्त्रक्रियेतली धातूची क्लिप वर्षांनंतर सरकून नलिकेत शिरते व तिच्याभोवती खडा जमतो. सोनोग्राफीत तो निसटू शकतो, म्हणून एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिका दाखवणाऱ्या एमआरआय तपासणीविषयी विचारा. थंडी वाजून ताप आला, तर मात्र त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

दुसरे उत्तर: माझ्या सासऱ्यांच्या पोटात, पित्ताशय काढताना त्यातून सांडलेल्या खड्याभोवती चार वर्षांनी गळू झाले होते. शस्त्रक्रियेचे जुने कागद अवश्य न्यावेत.

प्रश्नकर्ती: नलिकेत खडा दिसला, उद्या एंडोस्कोपीने काढणार आहेत. मनापासून आभार.