मदत हवी आहे: 'डॉक्टर हू'मधल्या डॉक्टरचं वय कमी कसं झालं?

मंडळी, 'डॉक्टर हू' या ब्रिटिश टीव्ही मालिकेच्या नायकाच्या, म्हणजे काळात प्रवास करणाऱ्या परग्रहवासी डॉक्टरच्या वयाचा तक्ता मी करतोय, त्यात एका ठिकाणी अडलोय. (तो मरणाच्या दारात नवं शरीर घेतो, म्हणून दुसरा, चौथा असे क्रमांक; माणूस एकच.) दुसरा डॉक्टर १९६७ साली साधारण ४५० वर्षांचा, चौथा १९७८ साली ७५६ (त्याची सहप्रवासी रोमाना तिथेच दुरुस्ती करते, ७५९!). सातवा 'टाइम अँड द राणी'मध्ये, १९८७ साली, थेट ९५३. तोवर आकडा नीट चढत जातो. मग २००५ साली नववा म्हणतो, ९००.

आधी वाटलं, ही फक्त प्रवासाची वर्षं असतील. सहप्रवासी रोझच्या आईची थप्पड खाल्ल्यावरच्या त्याच्या पहिल्या वाक्याचा तसा अर्थ लागतोही. पण रोझने विचारल्यावर तो लगेच ते आपलं वय असल्याचं सांगतो, आणि २००७च्या नाताळच्या भागात दहावाही स्वतःचं वय स्पष्ट ९०३ सांगतो, त्यामुळे ती वाट बंद झाली.

२०१३च्या पन्नाशीच्या विशेष भागात अकरावा म्हणतो की आपण वयाबद्दल खोटं बोलतोय का, हेच आता आठवत नाही. त्याच्या स्वभावाला ते अगदी शोभतं आणि मला फार आवडतं. पण 'डॉक्टर खोटं बोलतो' हे उत्तर कुठल्याही विसंगतीला चालतं, म्हणून तक्त्यात ते नको आहे. कादंबऱ्या आणि ध्वनिनाट्यंही मी धरलेली नाहीत, फक्त पडद्यावर दिसलेलं.

तर नेमकं एवढंच सांगा: ९५३ वरून ९०० होण्याचं कारण देणारा एखादा संवाद, ओझरता का असेना, टीव्हीवरच्या कुठल्या भागात आहे का?