नव्या रस्त्याखालची गळती: ले-आऊटच्या ग्रुपवरील चर्चा

ग्रुप अॅडमिन, प्लॉट ४
सर्वांना नमस्कार. हनुमान मंदिर ते शाळा हा आपला सिमेंट रस्ता मार्चमध्ये पूर्ण झाला आणि दिवाळीपासून प्लॉट ९ च्या पुढच्या घरांना नळाचे पहिले दोन गुंड (घागरी) गढूळ येऊ लागले आहेत. काल मी ग्रामपंचायतीत गेलो असता, पाइपलाइन तपासण्यासाठी रस्ता फोडावा लागेल व त्याकरिता रहिवाशांचा लेखी अर्ज हवा, असे सांगण्यात आले. कृपया प्रत्येकाने मत लिहून कळवावे. नुसते अंगठे पाठवू नयेत, कारण अर्जात मला कारणे नमूद करावयाची आहेत.

प्लॉट ११, वहिनी
आमच्या फाटकासमोर काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमधील सांधा भर दुपारीही वाळत नाही. नळ सुटला की त्या सांध्यातून पाण्यासोबत बारीक रेती वर येते, आणि नळ गेल्यावर थोड्या वेळाने तेच पाणी हळूहळू आत ओढले जाते. हे मी सलग तीन वेळा उभी राहून पाहिले आहे. शेजारून सांडपाण्याची नाली वाहते, त्यामुळे आत नेमके काय जात असेल याची कल्पना सर्वांनी करावी. तुरटी फिरवून आणि उकळून आम्ही पाणी पितो, पण हे किती दिवस चालवायचे?

प्लॉट ७, भाऊ
रस्ता फोडण्यास माझी स्पष्ट हरकत आहे. या रस्त्यासाठी आपण किती वर्षे चिखल तुडवला, हे येथे नव्याने राहायला आलेल्यांना ठाऊक नसेल. शाळेजवळचा रस्ता नळासाठी मागच्या उन्हाळ्यात खोदला, तेव्हाही ‘जसा होता तसा करून देऊ’ असेच सांगितले होते. तान्ह्या पोळ्याला माझ्या नातवाच्या लाकडी नंदीचे चाक त्याच खचलेल्या चरात अडकून मोडले. चर अजून तसाच आहे.

प्लॉट १५, सर
माझी मुलगी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे असते. त्या शहरात नव्याने केलेला रस्ता ५ वर्षे खोदू देत नाहीत, असे तिच्याकडे गेलो असताना समजले. आपल्याकडे असा नियम का असू नये?

प्लॉट २, काकाजी
सर, तातडीच्या दुरुस्तीला त्या नियमातूनही सूट आहे, आणि पिण्याच्या पाण्यात नाली मिसळत असेल तर त्याहून तातडीचे दुसरे काय असणार? भाऊंची हरकत रास्त आहे आणि वहिनींची तक्रारही खरी आहे, मात्र दोघांच्या डोळ्यांसमोर निरनिराळे खोदकाम आहे. मंदिरापासून शाळेपर्यंत चर खणणे वेगळे आणि चार फूट लांब, चार फूट रुंद असा एकच तपासणीचा खड्डा घेणे वेगळे.

वहिनींनी जे पाहिले, ते पाणीपुरवठ्याच्या नोकरीत मी अनेक गावांत पाहिले आहे. पुरवठा सुरू असताना दाबामुळे पाणी फुटीतून बाहेर पडते, आणि पुरवठा थांबून नळी रिकामी होऊ लागली की भोवतालचे घाण पाणी त्याच फुटीतून आत शिरते. आपल्याकडे नळ दिवसाआड येत असल्यामुळे हे दर खेपेला घडते. अशा वेळी टाकीत टीसीएल पावडर (जंतुनाशक ब्लीचिंग पावडर) नीट टाकलेली असली तरी शेवटच्या घरांपर्यंत क्लोरीन उरत नाही. टोकाच्या नळालाही लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरले पाहिजे.

माझी सूचना अशी की, परवानगी मागण्यापूर्वी खड्डा कुठे घ्यायचा ते आपणच ठरवावे. उद्या नळ आल्यावर प्लॉट १, ५, ९, १३ आणि १८ येथील पाण्याची ओटी टेस्ट (ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून क्लोरीनची तपासणी) करावी. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे असे समजावे, आणि ज्या घरापासून पिवळेपणा नाहीसा होतो त्याच्या अलीकडच्या टप्प्यात दोष शोधावा. ओल दिसते तिथेच फूट आहे, असे मात्र कोणी धरून चालू नये, कारण काँक्रीटखालचे पाणी मुरमातून वाट काढत पुढच्या सांध्यापर्यंत जाऊन मग वर येते. रात्रीच्या शांततेत सळईला कान लावून गळतीचा आवाज ऐकण्याची जुनी रीत लोखंडी नळीवर उत्तम चालते, पण आपली नळी पीव्हीसीची आहे आणि तिच्यातून आवाज लांब जात नाही.

प्लॉट ७, भाऊ
काकाजी, खड्डा एक असो की दहा, बुजवणार कोण आणि कशाने?

प्लॉट २, काकाजी
अर्जाचा निम्मा भाग त्याच प्रश्नावर खर्च झाला पाहिजे. शाळेजवळच्या चरात निघालेली काळी मातीच परत लोटली होती. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडेपर्यंत आकसते, म्हणून तिच्यावर टाकलेला थर पहिल्याच पावसाळ्यात खाली बसतो. माझ्या मते आपली नळीही याच हालचालीने सांध्यात निसटली असावी. तेव्हा निघालेली माती उचलून न्यावी, नळीभोवती रेती घालावी, वर मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत पाणी मारून धुम्मसाने ठोकावा आणि मगच काँक्रीट टाकावे. रस्ता ब्रेकरने वेडावाकडा फोडू देऊ नये. आधी कटरने चौकोनी काप घ्यावा, म्हणजे शेजारच्या काँक्रीटला तडे जात नाहीत. नव्या काँक्रीटवर तरट अंथरून निदान १४ दिवस पाणी मारावे लागेल, कारण त्याची पूर्ण ताकद २८ दिवसांनी धरली जाते.

आणखी एक गोष्ट. रस्ता ग्रामविकास विभागाच्या २५१५ लेखाशीर्षाच्या निधीतून झालेला आहे व त्याचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे कंत्राटदाराने स्वखर्चाने दोष दुरुस्त करून देण्याची मुदत, अजून संपलेला नाही. लेखी परवानगीविना आपण तो फोडला, तर उद्या रस्त्याला कुठेही तडा गेला तरी कंत्राटदार तुमच्याच खड्ड्याकडे बोट दाखवील. म्हणून अर्जाची एक प्रत काम करवून घेणाऱ्या यंत्रणेच्या उपअभियंत्यांना द्यावी आणि फोडण्यापूर्वी फोटोंसह पंचनामा करून घ्यावा. ग्रामसेवकांची सही घ्यावी (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण आपल्या तोंडी जुनेच नाव बसले आहे).

प्लॉट १६, पाणी सोडणारे दादा
काकाजींनी सांगितलेली तपासणी आज सकाळी केली. प्लॉट १, ५ आणि ९ येथील पाणी पिवळे झाले. १३ आणि १८ येथे रंग आला नाही. त्या टप्प्यात पूर्वी एक व्हॉल्व्ह होता. रस्ता होताना त्याचे चेंबर काँक्रीटखाली गेले. मी त्याच दिवशी सांगितले होते, पण गिट्टी पडून गेली होती. प्लॉट १० च्या कडुनिंबापासून रस्त्याकडे साडेतीन हात अंतरावर ते आहे. त्याचा सांधा पूर्वीही एकदा गळला होता.

प्लॉट २, काकाजी
मग खड्डा तिथेच घ्यावा. दोष व्हॉल्व्हमध्ये नसला तरी चेंबर पुन्हा उघडे होईल, त्याच्यावर रस्त्याच्या पातळीला लोखंडी झाकण बसवता येईल आणि पुढच्या वेळी कोणाला रस्ता फोडावा लागणार नाही. व्हॉल्व्ह बंद करून पुढचा भाग वेगळा काढला की उरलेली तपासणीही सोपी होते.

ग्रुप अॅडमिन, प्लॉट ४
अर्जाचा मजकूर असा ठेवत आहे: “प्लॉट १० समोर, रस्त्याखाली गाडले गेलेले व्हॉल्व्हचे चेंबर उघडून जलवाहिनीची तपासणी व दुरुस्ती करण्यासाठी चार फूट बाय चार फूट एवढ्याच जागेत रस्ता कापण्याची परवानगी मिळावी. काप कटरने घ्यावा, खड्ड्यात काळी माती न भरता मुरूम थराथराने दाबावा, चेंबरला झाकण बसवावे, आणि रस्ता पूर्ववत करण्याची जबाबदारी व मुदत परवानगीपत्रातच नमूद करावी.” आजच्या तपासणीची नोंदही जोडतो. हरकत असल्यास सायंकाळपर्यंत कळवावे.

प्लॉट ११, वहिनी
दुरुस्तीनंतर पुन्हा त्याच पाच घरांची ओटी टेस्ट करावी, असे एक वाक्य जोडावे. प्लॉट १३ आणि १८ ला पिवळा रंग आल्याशिवाय आमच्याकडे माठ भरला जाणार नाही.

प्लॉट ७, भाऊ
एवढे लेखी असेल तर माझी सही घ्यावी. शाळेजवळच्या चराचा वेगळा अर्ज मी स्वतः देतो. तरट माझ्याकडे कापसाच्या हंगामातले पुष्कळ पडले आहे आणि १४ दिवस सकाळ-संध्याकाळ विहिरीचे पाणी मारण्याचे काम माझ्याकडे लागले. खड्डा उघडा असेल त्या रात्री दोन्ही बाजूंना ड्रम आणि दिवा मात्र ग्रामपंचायतीने ठेवावा. तेही अर्जात लिहा.