अँसेस्टरला ‘पूर्वज’ म्हणावं का?

भुसावळहून प्रश्न
सर्व्हरवर एचटीएमएल वाचणारा आमचा कोड आहे. केळीभावाच्या पानात ‘रावेर’ लिहिलेला टीडी (तक्त्यातला एक चौकोन) शोधायचा, त्याला वेढणारी टीआर (तक्त्याची आडवी ओळ) गाठायची, की त्या ओळीतला भाव मिळतो. नव्या मुलांसाठी मराठीत टिपण लिहितेय. त्यात अँसेस्टरला, म्हणजे एखाद्या घटकाला बाहेरून वेढणाऱ्या घटकाला, ‘पूर्वज’ लिहिलं, तर एकाने हरकत घेतली. दुसरा शब्द आहे का?

धुळे
ताई, हरकतीत तथ्य आहे. पूर्वज म्हणजे आधी जन्मलेला. संस्कृतात थोरल्या भावालाही पूर्वज म्हणतात. एक्सपाथमध्ये, म्हणजे पानातले घटक शोधायच्या भाषेत, नेमकं इथेच फसायला होतं. मी एकदा ‘आधीचा’ या अर्थाने प्रिसीडिंग लिहिलं. तो अक्ष (शोधाची दिशा) आधी संपलेले घटक देतो आणि पूर्वजांनाच वगळतो. त्यामुळे रावेरची स्वतःची टीआर सुटली, वरची यावलची ओळ हाती आली आणि तिचा भाव रावेरच्या नावावर दोन दिवस दिसत राहिला. तो शब्दाने केलेला घात मी विसरलो नाही.

जळगाव
भाऊ, तरी पूर्वज सोडू नये. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घागर भरतो ती पितरांची, थोरल्या भावाची नव्हे. मराठीत हा अर्थ पक्का रुळलाय. शिवाय तर्पणात आधी बाप, मग आजा, मग पणजा. एक्सपाथही तसाच जवळून वर मोजतो. अँसेस्टरपुढे चौकटी कंसात १ लिहिला की सर्वांत जवळचा मिळतो. मात्र सगळा मार्ग साध्या कंसात घालून मग १ लावला, तर मोजणी दस्तऐवजाच्या क्रमाने होते आणि थेट मूळपुरुष हाती लागतो.

पण ‘आजा’ मोजून कोड लिहू नका. टीडीचा बाप टीआर, म्हणून आजा टेबल असेलच असं नाही. चीरिओ ही एचटीएमएल वाचणारी लायब्ररी सहसा ज्या पार्स५ या पार्सरवर (एचटीएमएल उलगडणाऱ्या कोडवर) चालते, तो मध्ये टीबॉडी (ओळींना वेढणारा घटक) आपणहून घालतो. एलएक्सएमएल या पायथनच्या लायब्ररीचा नेहमीचा पार्सर घालत नाही. म्हणून एकाच पानात टेबल पार्सरनुसार कुठे आजा, तर कुठे पणजा. नावानेच शोधा.

धुळे
पटलं. मग चीरिओतल्या क्लोजेस्ट या शोधणाऱ्या फंक्शनला काय म्हणाल? ते स्वतःपासून शोधायला लागतं, पॅरेंट्स मात्र बापापासून. स्वतःला कुणी स्वतःचा पूर्वज म्हणत नाही.

भुसावळ
‘पूर्वज’ ठेवते, पहिल्यांदा येईल तिथे ‘वेढणारा घटक’ असं फोडून लिहिते. प्रिसीडिंगला ‘आधी संपलेला’, क्लोजेस्टला ‘स्वतःसकट जवळचा’. यावलची ओळ उदाहरण म्हणून घेऊ का, भाऊ?

धुळे
जरूर घ्या.